चार कॉर्ड आणि काळी दोन

देवबागच्या आमच्या घराला पाहुण्यांसाठी चार खोल्या जोडल्या त्याला सात हंगाम झाले. पाहुणे रात्री जेवून माडाखाली बसतात आणि महिन्यातून दोनदा तरी एखाद्या गटात गिटारवाला निघतो. मी स्वयंपाकघर ते अंगण अशा सोलकढीच्या पेल्यांच्या फेऱ्या मारत असतो. गाणी ऐकायची म्हणून ऐकत नाही, कानावर पडतात. तिसऱ्या की चौथ्या हंगामात एक गोष्ट लक्षात आली. गाणं बदलतं, मुलगा बदलतो, पण डाव्या हाताची बोटं फिरतात ती त्याच चार-पाच ठिकाणी. एकदा तर मी पेले गोळा करता करता मनात म्हटलं, आता हा मधलं बोट वर नेणार. आणि त्याने नेलं. त्या दिवसापासून मला हा माणूस जादू करतोय असं वाटायचं थांबलं.

गेल्या जानेवारीत पुण्याच्या एका गटाने जाताना गिटारच ठेवून दिली. वरची जाड तार तुटलेली, मागच्या बाजूला पोचा. “काका, ठेवा तुम्हाला, आम्ही नवीन घेतोय,” म्हणाले. मी ती माळ्यावर ठेवली आणि विसरलो.

इथे खारं वारं कशालाही सोडत नाही. दरवाजाच्या बिजागऱ्या दोन वर्षांत जातात, गॅसच्या शेगडीला लाल पुटं येतात. मे महिन्यात गिटार खाली काढली तर उरलेल्या पाच तारा अशा गंजल्या होत्या की बोट फिरवल्यावर तांबडं लागलं. मालवणात तारा मिळाल्या नाहीत, भाच्याने कोल्हापूरहून आणल्या. दुकानदाराने त्याला विचारलं, कितीच्या? भाचा म्हणाला, सहा. दुकानदाराला जाडी विचारायची होती. सुदैवाने त्याने पातळ संच दिला, ज्याला टेन गेज म्हणतात, म्हणजे सगळ्यात बारीक तार इंचाच्या हजाराव्या भागाच्या दहापट. नवशिक्याला तेच बरं, कमी दाबावं लागतं.

जूनपासून आमच्याकडे सगळं बंद. दर्या खवळलेला, स्कूबा बंद, होड्या वर ओढून झाकलेल्या. तीन महिने माणसाने करायचं काय? कौलं बघायची, नारळ सोलायचे आणि पाऊस मोजायचा. यंदा मी गिटार घेऊन बसलो.

पहिला महिना वाया गेला असं मी म्हणणार नाही, पण बायको म्हणते. मोबाईलवर बघून जी, सी, डी आणि ई मायनर हे चार कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे सुरांचे गट, शिकलो. ई मायनर सगळ्यांत सोपा, पाचव्या आणि चौथ्या तारेच्या (मोजायचं बारक्या तारेपासून) दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या दुसऱ्या घरात, दोन बोटं ठेवली की झाला. बाकीच्यांत बोटं इकडे तिकडे पसरावी लागतात. बोटं दुखणार हे सगळे सांगतात. माझी बोटं दोरखंड ओढून आधीच राठ आहेत, तर मला वाटलं आपलं काय दुखणार. पण कोळंबी सोलताना डोक्याचा काटा बोटाच्या शेंड्यात घुसतो ना, नेमकी तीच जागा तारेवर दाबावी लागते. ते मोबाईलवर कोणी सांगत नाही. त्यामुळे आता नियम असा की कोळंबी असेल त्या दिवशी सकाळी गिटार, दुपारी सोलणं. उलट केलं तर मी ओरडतो.

पण दुखणं हा मुख्य त्रास नव्हता. एकेक कॉर्ड नीट वाजायचा. जी लावला, सहाही तारा स्वच्छ. सी लावला, छान. जीवरून सीवर जायचं म्हटलं की मी थांबायचो. बोटं उचलायची, एकेक तार शोधायची, दाबायची, वाकून बघायचं, मग वाजवायचं. तोवर गाणं पुढच्या घरी पोचलेलं.

इथे आमच्या आबांची गाठ पडते. आबा म्हणजे माझे चुलते, पलीकडच्या घरात राहतात. आमच्या वाडीच्या भजनात त्यांनी चाळीस वर्षं पेटी वाजवली. आता गुडघे गेलेत, मांडी घालता येत नाही म्हणून खुर्चीत बसून वाजवतात. एका दुपारी छत्री घेऊन आले आणि ओटीवर टेकले.

“ह्यो पत्रो कित्याक बडवतंस?”

मी सांगितलं, शिकतोय.

“तुझो सा खंय हा ता आधी सांग.”

मला सांगता येईना. मी म्हटलं, जी आहे. आबांना जी म्हणजे काय ते माहीत नाही, आणि मला सा कुठे आहे ते माहीत नाही. मग त्यांनी नातवाकडून पेटी मागवली. मी एकेक मोकळी तार वाजवायची आणि त्यांनी पट्टी शोधायची. पेटीच्या सप्तकात पांढऱ्या पट्ट्या एक ते सात, काळ्या एक ते पाच. जाडीपासून बारकीपर्यंत निघालं ते असं: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात, परत पांढरी तीन. सहाही तारा पांढऱ्याच! आबा खूश झाले. त्यांच्या लेखी काळ्या पट्टीशिवायचं वाद्य म्हणजे गरीब स्वभावाचं वाद्य.

मात्र दोन्ही एकत्र वाजवल्यावर काहीतरी खरखरत होतं. मी मोबाईलच्या ट्यूनरवर लावलेली गिटार, पांढरी सहा म्हणजे चारशे चाळीस हर्ट्झ. आबांची पेटी त्याहून किंचित चढी. पेटीतले सूर पितळी पट्ट्यांचे, ते दुपारच्या चहाला बसल्या बसल्या बदलता येत नाहीत. तेव्हा तारांनाच वर यावं लागलं. आजही घरात दोन प्रकारचं सुरात लावणं आहे, मोबाईलचं आणि आबांचं. वीज गेली आणि मोबाईल मेला की आबांचं चालतं, आणि देवबागात पावसाळ्यात वीज असते त्यापेक्षा नसतेच जास्त.

मग त्यांनी माझे चार कॉर्ड फोडून बघितले. पांढरी पाच सा धरला तर जी म्हणजे सा, ग, प. सी म्हणजे म, ध, सा. डी म्हणजे प, नी, रे. ई मायनर म्हणजे ध, सा, ग. मी हे वहीत लिहून काढलं. वही काजूच्या हिशेबाची, तिच्या मागच्या पानांवर. लिहिल्यावर जे दिसलं ते इंग्रजी अक्षरांत महिनाभर दिसलं नव्हतं. जी आणि ई मायनर यांच्यात सा आणि ग दोन्ही तेच, फक्त प जाऊन ध येतो. ई मायनर आणि सी यांच्यात ध आणि सा तेच. म्हणजे हे चौघे लांबचे पाहुणे नव्हेत, एका पंगतीत बसणारे आहेत. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना सगळं घर रिकामं करायची गरज नाही.

पाहुण्यांच्या बोटांचं कोडंही तिथेच सुटलं. ते जी, डी, ई मायनर, सी असं वाजवायचे. माझ्या वहीत ते झालं सा, प, ध, म. आता मी गाणं ऐकलं की अक्षरं शोधत नाही, सा-प-ध-म आहे की सा-म-प आहे की सा-ध-म-प आहे एवढंच ऐकतो. पट्टी कुठलीही असो, साचा हाच. जगभर हेच चाललंय. बीटल्सचं १९७० सालचं ‘लेट इट बी’ सुरू होतं ते सी, जी, ए मायनर, एफ असं, म्हणजे पांढरी एक सा धरून तंतोतंत सा-प-ध-म. बेन ई. किंगचं १९६१ चं ‘स्टँड बाय मी’ सा-ध-म-प, पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच चक्र. आबांना मी दोन्ही ऐकवली. पहिलं त्यांना चर्चमधलं वाटलं, दुसऱ्याला त्यांनी मांडीवर ठेका धरला.

थांबण्याचं काय? त्यावरही आबांनीच औषध दिलं, आणि ते कडू होतं.

“चुकलंस तर चुक, पण थांबू नको. टाळवालो तुझ्यासाठी रवाचो नाय.”

त्यांनी टाळ घेतली आणि केहेरव्याचे आठ मोजत वाजवायला लागले. एक कॉर्ड आठ मात्रा, मग दुसरा. बोटं पोचली नसली तरी उजवा हात समेवर पडलाच पाहिजे, मग खाली मोकळ्या तारा वाजोत नाहीतर भलतंच काही. पहिल्या दिवशी इतकं विचित्र वाजलं की कुत्रा उठून गेला. पण मजा अशी की आठवड्याभरात बोटं वेळेवर पोचायला लागली. थांबायची सवड होती तोवर ती सवड घेत होती, एवढंच.

उजव्या हाताचंही तसंच. सगळीकडे शिकवतात ती चाल म्हणजे खाली, खाली, वर, वर, खाली, वर. मला ती पाठ होती आणि येत नव्हती. दोन ‘वर’ लागोपाठ कसे येतील? वर गेलेला हात खाली आल्याशिवाय परत वर कसा जाईल? आबांनी मला शेजारची होडी दाखवली. “वल्ह्या परत येताना पाण्याक लागता काय? पण हात थांबता?” झालं. हात खाली-वर सारखा चालूच ठेवायचा, मधल्या एका ‘खाली’ला तारांना लावायचा नाही, हवेतून न्यायचा. लहानपणी कर्लीच्या खाडीत वल्हवलेल्या माणसाला हे मोबाईलवरच्या चाळीस मिनिटांपेक्षा एका वाक्यात कळलं.

एक युक्ती मात्र आबांची नाही, मोबाईलचीच. जी लावताना दुसऱ्या आणि पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर अनामिका आणि करंगळी ठेवायची आणि ती उचलायचीच नाहीत. वरची दोन बोटं फक्त एकेक तार खाली सरकवली की सीसारखा कॉर्ड होतो, ज्याला सी ॲड नाइन म्हणतात. त्यात सीचा थोडा जास्तीचा रे मिसळतो, पण कानाला गोडच लागतो. डीवर जाताना करंगळी सोडायची, अनामिका तिथेच. बंदराला नांगर टाकल्यासारखं ते एक बोट. पुण्याची मुलं हेच करत होती हे मला आता आठवून कळतं. मला वाटायचं त्यांची बोटं आखडलीत.

मी रोज सकाळी मोबाईलवर एक मिनिट लावून मोजतो, दोन कॉर्डमध्ये किती वेळा आलटापालट झाली. जी ते सी जूनमध्ये अकरा होती, ऑगस्टअखेर बेचाळीस. वहीत काजूच्या किलोंच्या शेजारी हे आकडे आहेत. बायकोने एकदा त्यातला बेचाळीस काजूत धरला होता.

आता गणपती.

आमच्या घरी दीड दिवसाचा, आबांकडे पाच. रात्री आरत्या संपल्या की भजन. चौथ्या रात्री आबा म्हणाले, घेऊन ये तुझा पत्रा. बुवा दुसऱ्या वाडीतले, आवाज खणखणीत, सा काळी दोन. गिटारवर काळी दोन म्हणजे डी शार्प, त्यात उघडे, म्हणजे काही तारा मोकळ्या ठेवून वाजवायचे, कॉर्ड लागत नाहीत. त्यासाठी कॅपो असतो, मानेवर आवळायचा चिमटा. एका फ्रेटने सगळं अर्ध्या सुराने वर चढतं. मी तोवर कॅपो मागवला होता. त्याआधी पेन्सिल आणि भाजीच्या जुडीचे रबर वापरत होतो, आणि खरं सांगायचं तर पहिल्या फ्रेटवर पेन्सिल वाईट चालत नाही. मी हिशेब केला: सीच्या आकारात वाजवायचं, पांढरी एकपासून काळी दोन तीन पायऱ्या वर, म्हणून कॅपो तिसऱ्या फ्रेटवर. सा म्हणजे सी, प म्हणजे जी. म म्हणजे एफ, तो मला नीट येत नव्हता, पण चार तारांचा लहान एफ मी जमवत होतो.

अभंग छान गेला. मी मागे, हळू. मग गजर सुरू झाला, पखवाज चढला, टाळ चढले, आणि मला जोर आला. प्रत्येक वेळी मी पच्या कॉर्डवर गेलो की काहीतरी खटकायचं. बुवांनी एकदा मान वळवून बघितलं. दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा आबांनी पेटीवरचा हात न काढता गुडघ्याने मला ढोसलं. मी थांबलो. होय, थांबलो, आणि टाळवाला माझ्यासाठी रवला नाही.

दुसऱ्या दिवशी मोदक खाता खाता आबा म्हणाले, “तुझो नी शुद्ध हा. आमचो कोमळ.”

एवढंच. मग मी वही काढली. पचा कॉर्ड म्हणजे प, नी, रे, आणि त्यातला नी शुद्ध. गजराच्या चालीत नी कोमल. बुवा कोमल नीवर उतरत होते त्याच वेळी मी ठणठणीत शुद्ध नी वाजवत होतो. माझे चार कॉर्ड शुद्ध सुरांच्या घरातले, आणि आपली निम्मी गाणी त्या घरात राहतच नाहीत. मोबाईलवरचा मुलगा ‘चार कॉर्डमध्ये शंभर गाणी’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही, पण त्याची शंभर गाणी त्याने निवडलेली असतात.

उपाय म्हणून कोमल नीचा कॉर्ड हवा. सीच्या आकारात तो येतो बी फ्लॅट, आणि पचा मायनर येतो जी मायनर. दोन्हींत पहिलं बोट आडवं झोपवून सगळ्या तारा दाबायच्या, ज्याला बार कॉर्ड म्हणतात. माझं बोट झोपतं, तारा दबत नाहीत. दुपारभर मी गाल फुगवून बसलो. मग वहीत सा हलवून बघितला. सा डीवर नेला तर? तर म होतो जी. कोमल नी होतो सी. कोमल नीवाला प होतो ए मायनर. डी, जी, सी, ए मायनर, सगळे उघडे, सगळे मला येणारे! आणि डीपासून काळी दोन फक्त एक पायरी, म्हणजे कॅपो पहिल्याच फ्रेटवर. ओळखीचेच आकार, घर फक्त एक सोडून पुढचं. मी तसाच भिजत आबांकडे गेलो, संध्याकाळची वेळ, त्यांचं टीव्हीवर काहीतरी चाललं होतं. त्यांनी आवाज बंद करून पेटी घेतली. गजर वाजवला. मी डी, सी, जी, डी. कुठेही खटकलं नाही. आबा काही बोलले नाहीत, फक्त लय वाढवली. त्यांच्याकडे कौतुक असंच मिळतं, जास्त काम देऊन.

पाचव्या रात्री बुवांनी वळून बघितलं नाही. मला तेवढं पुरलं.

नोव्हेंबरात पाहुणे सुरू झाले. साताऱ्याचं एक कुटुंब होतं, मुलीचा सहावा वाढदिवस आमच्याकडेच. केक मालवणातून आणला, खड्ड्यांतून येताना त्याचं एक टोक बसलं. मुलीच्या बापाने कोपऱ्यातली गिटार बघून विचारलं, कोण वाजवतं? बायकोने माझ्याकडे बोट दाखवलं. ‘हॅपी बर्थडे’ला तीनच कॉर्ड लागतात, सा, प, म. तीन मात्रांचं चक्र आणि सुरुवात समेच्या आधी, ‘हॅपी’ उचलून घ्यायचं आणि ‘बर्थ’वर सम. नाव येतं तिथे म. हे मी नीट तयार केलेलं होतं, एकट्याने. पण सगळे गायला लागले ते माझ्या जीत नाही. मुलीच्या आईने उचललं तो सा कुठला ते देव जाणे, आजोबा तिच्या खाली, मुलं सगळ्यांच्या वर. मी कॅपो शोधेपर्यंत मेणबत्त्या विझल्या. दुसऱ्यांदा म्हणूया असं मीच म्हटलं. या वेळी आधी जी वाजवून सा दिला, भजनाला पेटी देते तसा, आणि चार मात्रा मोजल्या. सगळे त्यात आले. आजोबासुद्धा.

त्या रात्री एका मुलाने ‘नीले नीले अंबर पर’ येतं का विचारलं. १९८३ च्या ‘कलाकार’मधलं, कल्याणजी-आनंदजींचं. गिटार हातात दिसली की हे गाणं मागायचं असा बहुतेक कायदा आहे. त्याच्या सुरुवातीची ती एकेक तार छेडायची बोटं मला येत नाहीत. मी म्हटलं, उद्या सोलकढी जास्त देतो.

सध्या तारांना रोज सुक्या फडक्याने पुसतो, गिटार समुद्राकडच्या भिंतीला टेकवत नाही, पिशवीत औषधांच्या डब्यांतल्या त्या पांढऱ्या पुड्या टाकून ठेवतो. तरी दुसरी तार काळवंडायला लागली आहे. पूर्ण एफ, सहा तारांचा, अजून पाच वेळा लावला तर दोनदा वाजतो. सी ते एफ मिनिटाला चौदा. आबा विचारतात, ह्या आठवड्यात किती? मी चौदा सांगतो. गेल्या आठवड्यातही चौदाच सांगितलं होतं, पण ते त्यांच्या लक्षात राहिलं नसावं. उद्या आठ पाहुणे येतायत, दोन किलो कोळंबी सांगून ठेवली आहे, तेव्हा सराव सकाळी सहालाच.